दाजी, तुमचा पहिला पीस मी काढायचो

दाजी, काल तुमच्या जलदानाचा विधी झाला. मांडव दारातच घातला होता, नागापुरातल्या आपल्या चाळीपुढं, आणि माणसं एवढी आली की शेजारच्या चार घरांतून सतरंज्या मागून आणाव्या लागल्या. खर्ड्याहून भावकी टेम्पो भरून आली. पहिल्या शिफ्टची पोरं कारखान्यातून परस्पर, तेलकट कपड्यांतच आली आणि मागं उभी राहिली. वंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन झालं, आणि मग आपल्या रीतीप्रमाणे एकेक जण उठून आदरांजलीचे दोन शब्द बोलायला लागला. तिसरा नंबर तुमच्या चुलत्यांचा, तात्यांचा होता. तात्या वर्षातून एकदा भेटणार, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. त्यांनी माईक हातात धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "आमचा मधुकर मनमिळाऊ हुता, कष्टाळू हुता, निर्व्यसनी हुता."

मांडवात कुणी हललं नाही. तात्यांचीही चूक नाही म्हणा. अशा भाषणात मनमिळाऊच्या मागून कष्टाळू येतं आणि कष्टाळूच्या मागून निर्व्यसनी, जिभेला सवयच पडलेली असते. तुम्ही असता तर माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणाला असता, "मेव्हणे, हा कोण मधुकर वारलाय, बघून या जरा." मागं उभी असलेली पोरं आपापल्या चपलांकडं बघायला लागली. अक्कानं पदर पुढं ओढला. आणि तुमची माया, दहावीतली पोर, ती खाली बघेना. ती सरळ माझ्याकडं बघत होती.

पुढचा नंबर माझा होता. मी कागदावर लिहून नेलं होतं. उभा राहिलो आणि कागद काही वाचवेना. "दाजी माझे गुरू होते. काविळीनं गेले. त्यांना आदरांजली वाहतो," एवढं बोललो आणि बसलो. मायानं मान फिरवली.

म्हणून आज रजा टाकलीय आणि मागच्या दारात बसून लिहितोय. काल जे बोलायचं होतं ते तुमच्याशीच बोलतो. तुमच्याशिवाय हे ऐकून घेणारं दुसरं कोण आहे?

मी आयटीआयला नगरला आलो तेव्हा तुमच्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली तुम्ही मला दिलीत. नवीन लग्न झालेला माणूस बायकोच्या भावाला घरात ठेवून घेतो आणि वर त्याची चेष्टा करून त्याला परकं वाटू देत नाही, असे दाजी किती जणांना मिळतात? माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असून तुम्ही मला "मेव्हणे" म्हणायचात, तेही अहोजाहो करून. "मेव्हणे, आपण आंघोळ केलीत का, का नळाला नुसतं दर्शन देऊन आलात?" अक्का आत भाकरी थापता थापता हसायची. ते हसणं पुढं कधी बंद झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही.

कारखान्यात तुम्हीच मला चिकटवलंत आणि पहिले आठ दिवस लेथला हात लावू दिला नाहीत. मी नुसता बर, लोखंडाचा कीस, झाडायचा, ऑइल द्यायचं आणि ऐकायचं. "मशीन काय म्हणतंय ते आधी ऐका. टूल बोंबलायला लागलं की कळलं पाहिजे कशाला बोंबलतंय." मला राग यायचा. सर्टिफिकेट घेऊन आलेला माणूस मी, आणि झाडू मारतोय. मग एके दिवशी तुम्ही लेथच्या जबड्यात, चकात, फिरणारा शाफ्ट थांबवलात, त्यावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "अजून केसभर जास्त हाय." मी मायक्रोमीटर लावून बघितलं तर खरंच केसभर जास्त होता. अख्ख्या शॉपमध्ये असा अंगठा दुसऱ्या कुणाचा नव्हता. इन्स्पेक्शनवाला तुमचा पीस बघायचासुद्धा नाही, नुसता शिक्का मारायचा.

लोक मला विचारतात, दाजींनी दारू का सुरू केली हो? काही दुःख होतं का? दाजी, मी लई विचार केला. कारण काहीच नव्हतं. कारण असतं तर मला बरं वाटलं असतं, त्याच्या नावानं खडे फोडता आले असते. ओव्हरटाइम व्हायचा, दुसरी शिफ्ट सुटली की चौघं जण बसायचे, अंग दुखतंय म्हणून थोडी. मग शनिवारी. मग रोज. मग एकट्यानं. कुठल्या दिवशी ती तुम्हाला प्यायला लागली ते तुम्हालाही कळलं नाही आणि आम्हालाही नाही.

आणि गंमत म्हणजे रविवारी विहारात वंदना तुम्हीच घ्यायचात. आवाज असा की बाहेर खेळणारी पोरं आत येऊन बसायची. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, दारूपासून लांब राहण्याच्या शीलाला, तुमचा आवाज कधी खाली आला नाही. अक्काचा यायचा. मी एकदा येताना रस्त्यात तुम्हाला धरलं होतं, आठवतंय? म्हणालो, "दाजी, पाचवं म्हणताना काहीच वाटत नाही का हो?" तर तुम्ही सायकल हातात धरून चालत चालत म्हणालात, "पाचातली चार पाळतो, मेव्हणे. ऐंशी टक्के. तुमच्या आयटीआयला किती पडले हुते?" मला बासष्ट पडले होते. तुमच्या ऐंशी टक्क्यांचं उत्तर मला नंतर आठ दिवसांनी सुचलं, पण तोवर विषय निघून गेला होता. पाचवं सुटलं की बाकीची चार हळूहळू सुटतात, असं म्हणायचं होतं मला. खोटं बोलायचं नाही हे चौथं. ते तर आम्ही सगळ्यांनीच मिळून मोडलं. तो वाद तसाच राहिला, दाजी. तुम्ही जिंकलात असं समजून गेलात.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी सातची शिफ्ट, नवीन सेटिंग. तुम्ही जॉब काढलात, माप घ्यायला मायक्रोमीटर लावलंत आणि ते शाफ्टवर टकटक वाजायला लागलं. दातावर दात वाजतात तसं. तुम्ही ते खाली ठेवलंत, हात पुसलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "चष्मा बदलायला झालाय वाटतं. मेव्हणे, जरा माप घ्या." मी घेतलं. दुसऱ्या दिवशी पण घेतलं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला सांगावं लागलं नाही.

आपल्याकडची पद्धत अशी की सेटिंग केलं की पहिला पीस इन्स्पेक्शनला जायचा. तो पास झाला की मागचा सगळा लॉट चालू. तो दोनदा रिजेक्ट झाला की सुपरवायझर साहेब स्वतः मशीनवर येऊन उभे राहायचे. म्हणजे सगळा खेळ पहिल्या पीसचा. तर रोज सकाळी माझं मशीन चालू करून मी तुमच्या मशीनवर यायचो, तुमचा पहिला पीस काढायचो, त्यावर तुमचा टोकन नंबर टाकायचो आणि परत माझ्या मशीनवर पळायचो. नऊच्या चहाला तुम्ही गेटाबाहेर जाऊन यायचात, आणि आलात की हात थांबलेला असायचा. मग दिवसभर तुम्हीच राजे. कशानं थांबायचा ते मी कधी विचारलं नाही. आपल्या दोघांची अळीमिळी गुपचिळी. शॉपमध्ये सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी डोळेझाक केली, कारण त्यांतल्या निम्म्या लोकांना काम तुम्ही शिकवलं होतं.

घरी अक्का नळावर बायकांना सांगायची, "आमचं मानूस पितं, न्हाई म्हनत न्हाई मी. पन एक खाडा न्हाई. कामात एक चूक न्हाई." तिचं माप ते होतं. नोकरी उभी आहे म्हणजे माणूस उभा आहे. तिला ते माप कुणी दिलं? मी दिलं. रोज सकाळी सव्वासातला.

तुम्ही कधी हात उचलला नाहीत, आरडाओरडा केला नाहीत. घरी यायचात, जेवलात तर जेवलात, भिंतीकडं तोंड करून झोपायचात. चाळीत लोक म्हणायचे, मधुकर लई गरीब दारुडा. असली पावती ऐकून आम्ही बरं मानायचो. मायाच्या शाळेत बक्षीस समारंभ होता तेव्हा तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसलात आणि ती भाषणाला उभी राहिली तोवर शेजारच्याच्या खांद्यावर कलंडलात. पोरीनं भाषण न अडखळता पुरं केलं, पण पुढच्या रांगेकडं एकदाही बघितलं नाही. त्यानंतर शाळेत काही असलं की ती तुम्हाला तारीखच सांगायची नाही. तुम्ही मला विचारायचात, "आजकाल शाळेत काही कार्यक्रम होत न्हाईत का?" मी म्हणायचो, नसतील होत.

आता साहेबांचं सांगतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पुरतं ठाऊक नाही.

चार वर्षांपूर्वी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "सुभाष, मला नाक आहे. डोळेही आहेत. मधुकरच्या मशीनवर सकाळी कोण असतं ते मला दिसतं. पुण्याला व्यसन सोडवायचं एक केंद्र आहे, महिनाभर ठेवून घेतात. मी रजा मंजूर करतो. नोकरीला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द. पण घरच्या माणसानं सही द्यावी लागते. तू घरचा आहेस. तू फक्त हो म्हण."

दाजी, समोर कागद होता, पेन होतं. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "साहेब, दाजींना बीपीचा त्रास आहे. गोळीनं हात थरथरतो." साहेबांनी कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. मग म्हणाले, "बरं." त्या माणसानं नंतर मला कधी त्यावरून छेडलं नाही. छेडायला पाहिजे होतं.

का म्हणालो मी तसं? तुम्ही आमच्या घरचे जावई. तुम्ही दारात आलात की आमची आई गुडघे धरून का होईना, उठून उभी राहायची. आमचे वडील तुमच्यासमोर कधी बाजेवर बसले नाहीत. त्या घरातला पोरगा मी, आणि माझा दाजी दारुडा आहे म्हणून कागदावर सही कशी करू? उद्या मायाचं लग्न निघेल, लोक काय म्हणतील? त्या दोन मिनिटांत एवढं सगळं माझ्या डोक्यात आलं. तुमचं काळीज, तुमचं लिव्हर, तुमचा जीव, तो तेवढा आला नाही.

दुपारी कँटीनमध्ये मी तुम्हाला सांगितलं, साहेब असं असं म्हणत होते आणि मी असं असं म्हणालो. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवलात. मग माझ्या पाठीवर हात ठेवलात. म्हणालात, "मेव्हणे, माझी लाज राखलीत." आणि मी खूश झालो, दाजी. त्या दिवशी मी खरंच खूश झालो.

या हिवाळ्यात तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले. चाळीतल्या बायका म्हणाल्या, कावीळ. आपल्या घरात जसा कुणी दिवा लावला. कावीळ कुणालाही होते, कावीळ सांगायला लाज वाटत नाही. अक्का तर हरखलीच. "तरी म्हनलं, जेवन का जाईना." दवाखान्यात न जाता आपण तिघं एसटीनं बेलापूरच्या अलीकडं त्या वस्तीवर गेलो, माळवाल्या बाबांकडं. त्यांनी दोऱ्यात ओवलेली काड्यांची माळ तुमच्या डोक्यावरून कशीबशी गळ्यात घातली, एवढी लहान. म्हणाले, "जशी कावीळ उतरंल तशी माळ वाढंल. बेंबीच्या खाली गेली की माणूस बरा. त्याल न्हाई, हळद न्हाई, आंबट न्हाई. उसाचा रस प्या, फुटानं खा." पथ्याची एवढी मोठी यादी सांगितली, पण दारूचं त्यांनी विचारलं नाही. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मी अक्काकडं. आपण तिघंही पाया पडून उठलो.

आणि माळ वाढत गेली. चार दिवसांत छातीवर आली. मी शॉपमध्ये सांगत सुटलो, उतरतेय, उतरतेय. रोज संध्याकाळी अक्का तुम्हाला उभं करून बघायची, कुठवर आली. माया म्हणाली, "मामा, त्या काड्या वाळून आकसतात, म्हणून दोरा सुटतो. आमच्या बाई म्हणाल्या." मी तिच्यावर खेकसलो, जास्त शहाणी झालीस का म्हणून. माळ खाली उतरत होती आणि तुमचं पोट वर येत होतं. शर्टाची बटणं लागेनात. पाय असे सुजले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. आम्ही म्हणायचो, काविळीचं पाणी असेल, उतरेल. एकविसाव्या दिवशी माळ बेंबीच्या खाली गेली. बाविसाव्या दिवशी सकाळी तुम्ही मोरीत रक्ताची उलटी केलीत.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुमचं पोट दाबून बघितलं, बोटांनी वाजवून बघितलं आणि मला विचारलं, "किती वर्षं पितात?" मी म्हणालो, "अधूनमधून घेतात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी पोलीस नाही आणि सोयरा पण नाही. मला खरं सांगा." मी तोंड उघडायच्या आत मागून अक्का म्हणाली, "रोज. धा-बारा वर्सं झाली." मी वळून बघितलं. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग डॉक्टरांनी कात्री घेतली आणि तुमच्या गळ्यातली माळ कापायला लागले, तर तुम्ही दोन्ही हातांनी ती धरलीत. "नका तोडू, सायेब. उतरत आलीय." दाजी, अख्ख्या नागापुरात अंगठ्यानं माप सांगणारा माणूस तुम्ही. तुम्हाला खरंच वाटत होतं का, का आमच्यासाठी म्हणालात?

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर मला म्हणाले, "आता फार हातात नाही. लिव्हर दगडासारखं झालंय. तीन-चार वर्षांपूर्वी थांबले असते तर सुधारलं असतं, तोवर ते सुधारतं." त्यांनी सहज सांगितलं. त्यांना काय माहीत, मी चार वर्षांपूर्वी कुठं उभा होतो.

नऊ दिवस काढलेत तुम्ही. शेवटचे तीन दिवस तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती. पण हात चालायचे. पांघरुणावर एक हात गोल गोल फिरायचा, लेथचं चाक फिरवल्यासारखा, आणि दुसरा काहीतरी चिमटीत धरून बघायचा. अक्काला वाटायचं तुम्हाला काहीतरी पाहिजे. मला कळायचं. मध्येच तुम्ही म्हणायचात, "मेव्हणे, पास झाला का पीस?" मी म्हणायचो, "झाला, दाजी." मग तुमचा चेहरा निवळायचा. मी काय करू शकत होतो दुसरं? गेलात ते दुपारी तीनच्या सुमाराला, शिफ्ट सुटायच्या वेळी.

काल संध्याकाळी खर्ड्याचा टेम्पो गेला, मांडववाला बांबू सोडायला लागला. अक्का, माया आणि मी दारात सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. मी अक्काला म्हणालो, "अक्का, मला तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. पहिला पीस, सहा वर्षं, साहेब, कागद, बीपीची गोळी. मला वाटलं ती आता सतरंजी टाकून मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती घडी घालायची थांबली नाही. म्हणाली, "म्या कपात वतून द्यायची."

मला आधी कळलंच नाही.

"सकाळी सहाला. चहाच्या कपात. हात लटलट कापायचं त्यांचं, शर्टाचं बटन लागायचं न्हाई. मला भ्या वाटायचं, मशीनवर बोटं गेली तर? म्हून म्याच आनून ठिवायची, पिठाच्या डब्यामागं. लई न्हाई, अर्धा कप. बटनं लागंस्तोवर." मग पुढची सतरंजी उचलत म्हणाली, "माळ गळ्यात हुती तवाबी दिली. न्हाई दिलं तर झटकं यायचं, डोळं पांढरं करायचं. तुला कळलं तर तू मला काय म्हनशील, म्हून बोलले न्हाई कुनाला."

दाजी, सहा वाजता अक्का आणि सात वाजता मी. ती बटणं लावून तुम्हाला पाठवायची आणि मी पुढं घ्यायचो. तिला वाटायचं मला माहीत नाही, मला वाटायचं तिला माहीत नाही. दोघांचंही माहीत होतं ते एकट्या तुम्हाला. तुम्ही एकदा जरी म्हणाला असता ना, की तुमची बहीण हे करते, तर मी त्या दिवशी सही केली असती. केली असती का? आता काय, म्हणायला काय जातंय.

तेवढ्यात माया म्हणाली, "मला दोन्ही माहीत होतं."

ती हातातली सतरंजी तशीच धरून उभी होती. "साहेबांनी मामाला बोलावलं होतं त्या दिवशी संध्याकाळी पप्पांनी मला सगळं सांगितलं. मी सहावीत होते. मी त्यांचे पाय चेपत होते आणि ते रडायला लागले. म्हणाले, तुझी आई कपात देते आणि तुझा मामा पीस काढतो, ही दोघं लई चांगली आहेत, यांच्या जीवावर मी जगतोय. दोघांना एकमेकांचं कळलं तर दोघं मला सोडून देतील. कुणाला सांगू नकोस."

अक्का म्हणाली, "आगं मग आमाला तरी सांगायचं. लेकी, एवढी सालं पोटात ठिवलंस?"

"शपथ घातली होती. तुझी. सांगितलंस तर आई मरंल म्हणाले."

दाजी, मी तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. आज चढवतो. आमचं जाऊ द्या, आम्ही मोठी होतो, आमच्या अकलेनं आम्ही बुडलो. पण अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात तुम्ही तिची आई अडकवलीत? पोर तुम्हाला पिवळं होताना बघत होती, माळ खोटी आहे म्हणून सांगत होती, मी तिच्यावर खेकसत होतो, आणि तिच्या तोंडाला तुम्ही कुलूप घातलेलं. बोललं तर आई जाणार, नाही बोललं तर बाप. तिनं चार वर्षं कशी काढली असतील? तुम्ही प्रेमानं केलंत, मला माहीत आहे. आम्ही तिघांनीही प्रेमानंच केलं.

आणि आता तिनं सांगितलंय.

काल बोलून झालं आणि पोरगी अक्काच्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तुला काही होणार नाही ना?" एवढी सायन्सची पोर, काड्या वाळून आकसतात सांगणारी. अक्का म्हणाली, "खुळी का काय, असं कुटं असतं व्हय?" पण पोरगी काही ऐकेना. एक मरण तिनं नुकतंच बघितलंय. सकाळपासून ती अक्काचा पदर सोडत नाहीये. अक्का नळावर गेली की ही मागं, अक्का पीठ मळायला बसली की ही शेजारी. दहावीची परीक्षा तोंडावर आलीय, पुस्तक उघडलेलं नाही. मघाशी अक्काला ठसका लागला तर हिचा चेहरा असा पांढरा पडला की मला बघवेना.

मी तिला जवळ घेऊन म्हणालो, "माया, सुटली शपथ. मी सांगतो, सुटली." तिनं मान हलवली. म्हणाली, "ज्यानं घातली त्यानंच सुटली म्हणावं लागतं, मामा."

लहानपणी आम्ही पण तसंच खेळायचो, दाजी. ज्यानं घातली त्यानंच म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून चालायचं नाही. तुमचं माप मी घेतलं, तुमचा पीस मी काढला, तुमच्या नावानं नंबर टाकला. हे मला जमत नाहीये. हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

एकदा म्हणा. सुटली म्हणा.